मोटारीचें वाहन

देवांना वाहनें असतात, हें सर्वश्रुत आहे. गणपतीला उंदीर, कार्तिकेयाला मोर, शंकराला नंदी. परंतु जें स्वतःच वाहन आहे त्यालाहि दुसऱ्या वाहनावर बसवून न्यावें, हा प्रकार यंत्रयुगानेंच दाखविला. इंग्लंडमध्यें सुटीच्या दिवशीं सकाळीं एखादी मोठी मोटार आपल्यामागें दोन चाकांचा सपाट गाडा ओढीत चालली आहे, आणि त्या गाड्यावर पट्ट्यांनीं आवळलेली एक चिमुकली जुनी मोटार बसली आहे, हें दृश्य रस्त्यावर नेहमीं दिसतें. या गाड्याला ट्रेलर म्हणतात. महाराष्ट्रांत खाजगी मोटारीमागें असा ट्रेलर क्वचितच आढळतो. येथें बंद पडलेली मोटार दोरानें किंवा लोखंडी दांडीनें दुसऱ्या गाडीमागें बांधून नेतात व त्याला टोचन करणें म्हणतात. नाहीं तर ती सरळ लॉरीवर चढवितात. परंतु ब्रिटनमध्यें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका नाहीं. आणि ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळची बेबी ऑस्टिन अद्याप जतन केलेली असेल, त्यांना इकडेहि त्यांतलीं तत्त्वें जाणून घेण्याजोगीं वाटतील.

ज्या लहान मोटारींकरितां हे ट्रेलर घेतले जातात त्यांची थोडी ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. बेबी ऑस्टिन या लाडक्या नांवानें प्रसिद्ध असलेली ऑस्टिन सेव्हन १९२२ सालीं निघाली. हर्बर्ट ऑस्टिन यांनीं स्टॅन्ली एज नांवाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या तरुणाला हाताशीं धरून आपल्या राहत्या घरीं तिचीं रेखाटनें तयार करविलीं. १९३९ पर्यंत अशा सुमारें २,९०,००० गाड्या बाहेर पडल्या. त्यानंतर १९५७ मध्यें इटलींत दांते जाकोसा यांची फियाट ५०० आली, आणि १९५९ मध्यें इंग्लंडांत अलेक इसिगोनिस यांची मिनी आली. या तिन्ही गाड्यांवर आजहि लोकांचें प्रेम आहे. ऑस्टिन सेव्हनच्या शौकिनांनीं १९३९ सालीं स्थापन केलेला ‘सेव्हन-फिफ्टी मोटर क्लब’ तर त्या गाडीच्या ७४७ घन सेंटिमीटरच्या इंजिनावरूनच नांव घेऊन बसला आहे.

आतां कोणी विचारील कीं, मोटार चालती असतांना ती चालवीत कां नेऊं नये? त्यालाहि सबळ कारणें आहेत. शेल्सली वॉल्श येथें १९०५ पासून टेकडी चढण्याच्या शर्यती होत आल्या आहेत. अशा ठिकाणीं शंभर मैलांवरून जावयाचें, तेथें इंजिनाला शक्तीच्या शेवटच्या थेंबापर्यंत पळवावयाचें, आणि त्याच इंजिनाच्या भरंवशावर रात्रीं घरीं परतावयाचें, हें धाडस शहाणा मनुष्य करीत नाहीं. शिवाय ज्या गाडीचा वेग ताशीं चाळीस मैलांवर गेला कीं तिच्या मालकाला घाम फुटतो, ती आजच्या राजमार्गावर मोठमोठ्या लॉऱ्यांच्या रांगेंत घालणें म्हणजे तिचा आणि आपला जीव टांगणीला लावणें होय. म्हणून ट्रेलर घ्यावयाचा असें ठरतें, आणि मोटार लहान आहे तेव्हां ट्रेलरहि हलका, स्वस्त आणि सुटसुटीत घ्यावा असा विचार सहजच मनांत येतो.

येथेंच सावध झालें पाहिजे. ट्रेलर हलका असावा हें बरोबरच आहे. त्याचें प्रत्येक किलो वजन ओढणाऱ्या मोटारीला ओढावें लागतें, आणि वेळप्रसंगीं माणसालाहि तो हातानें ढकलून घराच्या आवारांत लावावा लागतो. परंतु वजन कशांतून कमी केलें आहे, हा खरा प्रश्न आहे. तळाच्या अनावश्यक पत्र्यांतून तें कमी झालें असेल तर तो लाभ होय. ब्रेक, दांडी, टायर किंवा सांधे यांतून कमी झालें असेल तर तो तोटा होय, आणि त्याची किंमत पुढें भर रस्त्यावर द्यावी लागते.

पहिलें काम वजनाच्या हिशेबाचें. ब्रिटनच्या कायद्यानें ब्रेक नसलेल्या ट्रेलरला दोन कुंपणें घातलीं आहेत. एक असें कीं, ट्रेलर आणि त्यावरील ओझें मिळून ७५० किलोंपेक्षां अधिक होतां कामा नये. दुसरें असें कीं, हें एकूण वजन ओढणाऱ्या मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असतां कामा नये. या दोन नियमांत आपल्या तिन्ही लहान मोटारी बसवून पाहाव्या.

ऑस्टिन सेव्हनच्या आरंभींच्या उघड्या नमुन्याचें वजन सुमारें ३६० किलो होतें. २०० किलोंच्या हलक्या ट्रेलरवर ती चढविली तर एकूण ५६० किलो झाले. ओढणारी मोटार ११२० किलोंची असली म्हणजे दोन्ही नियम पाळले गेले. फियाट ५०० चें वजन सुमारें ५०० किलो. तिच्याकरितां ट्रेलर २२० किलोंचा धरला तर बेरीज ७२० होते. कायद्याच्या आंत केवळ ३० किलो उरले, आणि ओढणारी मोटार निदान १४४० किलोंची लागली. आतां पेट्रोलचा एक डबा, हत्यारांची पेटी, जॅक आणि जादा चाक त्या मोटारींत टाकलें कीं उरलेले ३० किलो कोठें गेले हें कळणारहि नाहीं. मिनीची गोष्ट याहून निराळी. नमुन्याप्रमाणें तिचें वजन सुमारें ६०० ते ७०० किलो भरतें. ६४० धरलें तरी २२० किलोंच्या ट्रेलरसह तें ८६० होतें, म्हणजे मर्यादेच्या सरळ बाहेर. यावरून निष्कर्ष असा कीं, सर्वांत हलक्या गाडीला ब्रेक नसलेला ट्रेलर चालेल, मधल्या गाडीला तो कसाबसा पुरेल, आणि मिनीला तो मुळींच चालणार नाहीं. तरीहि “मिनी ती केवढी, तिला ब्रेकचा ट्रेलर कशाला?” असें म्हणणारे पुष्कळ भेटतात.

या हिशेबांतले आंकडे पुस्तकांतून घेऊं नयेत. जाहिरातींत छापलेलें वजन बहुधा कोऱ्या, रिकाम्या गाडीचें असतें; घरची गाडी तीस-चाळीस वर्षांत दोनदां रंगलेली, जाड गालिचा घातलेली आणि मागच्या पेटींत अर्धा संसार भरलेली असते. ती एकदां वजनकांट्यावर नेऊन तोलून घ्यावी. त्याचप्रमाणें ओढणाऱ्या मोटारीच्या अंगावर जी लहानशी धातूची किंवा कागदाची पट्टी लावलेली असते तीहि वाचावी. तीवर मोटारीचें भरलेलें कमाल वजन, मोटार व ट्रेलर मिळून कमाल वजन, आणि पुढच्या व मागच्या आंसांवरील कमाल भार असे आंकडे असतात. कांहीं मोटारींना, विशेषतः कांहीं लहान आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींना, ट्रेलर ओढण्याची परवानगी कारखान्यानें दिलेलीच नसते. ती नसेल तर गाडी कितीहि जोरदार असो, पुढचा विचार करण्याचें कारण नाहीं.

ब्रेकसंबंधीं थोडें अधिक बोलणें अवश्य आहे, कारण जिवाचा प्रश्न येथें येतो. १५०० किलोंच्या मोटारीमागें ७५० किलोंचा ब्रेक नसलेला ट्रेलर बांधला, तर थांबतांना तिच्या चार चाकांच्या ब्रेकांना दीडपट वस्तुमान आवरावें लागतें. सपाट रस्त्यावर हें जाणवत नाहीं, उतारावर जाणवतें. बोरघाट उतरणाऱ्या जुन्या गाडीवानाला ही गोष्ट कोणी समजावून द्यावी लागत नसे. चढणीला बैल गाडी ओढतात, पण उतरणीला गाडी बैलांच्या अंगावर येते, हें तो जाणून होता, आणि चाकाला अडसर घालून मगच तो उतार धरीत असे. ब्रेकच्या ट्रेलरमध्यें हाच अनुभव यंत्राच्या रूपानें वापरला आहे. पुढची मोटार मंदावली कीं ट्रेलर तिला मागून रेटतो; त्या रेट्यानें दांडीच्या तोंडाशीं असलेला दट्ट्या आंत सरकतो; तो एक सळई ओढतो, आणि सळईला जोडलेल्या तारा ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक आवळतात. जितका रेटा अधिक तितका ब्रेक घट्ट. अंगावर येणारें ओझेंच येथें आपल्याला अडसर घालून घेतें.

याखेरीज ब्रेकच्या ट्रेलरला एक बारीक तार असते. ती ओढणाऱ्या मोटारीला बांधावयाची. प्रवासांत ट्रेलर मोटारीपासून सुटला, तर ही तार प्रथम ट्रेलरचा हातब्रेक ओढते आणि नंतर स्वतः तुटते. ती तुटणें हेंच तिचें कर्तव्य असतें. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला अशी सोय शक्य नसल्यामुळें त्याला जोडाव्यतिरिक्त दुसरी साखळी किंवा मजबूत तार बांधावी लागते, म्हणजे दांडी जमिनीवर आदळून ट्रेलर सैरावैरा धांवत नाहीं. ही बांधणी विसरून निघणारा मनुष्य, सुटलेल्या ट्रेलरपुढें जो कोणी रस्त्यांत येईल त्याच्या जिवाशीं खेळत असतो.

ब्रेकमुळें ट्रेलरचें वजन आणि किंमत दोन्ही वाढतात, हें खरें. पण त्याबरोबर ७५० किलोंचें कुंपणहि नाहींसें होतें, आणि मग मर्यादा ट्रेलरवर लिहिलेल्या वजनाची व ओढणाऱ्या मोटारीच्या कुवतीची राहते. म्हणून मिनीसारखी गाडी असेल तर अतिशय हलका ट्रेलर शोधीत बसण्यापेक्षां ब्रेकचा साधा, मध्यम वजनाचा ट्रेलर घेणें सुज्ञपणाचें. ३०० किलोंचा असा ट्रेलर आणि ६४० किलोंची मिनी मिळून ९४० किलो होतात. मध्यम आकाराच्या पुष्कळ मोटारी, कारखान्याची परवानगी असेल तर, इतकें ओझें सुखानें ओढतात.

वजनानंतर तोलाचा प्रश्न. मराठींत उलाळ हा एक नेमका शब्द आहे. गाडींत माल मागच्या बाजूला जास्त भरला कीं दांडी वर उचलली जाते, जूं बैलांच्या मानेवरून सुटूं पाहतें आणि गळ्याखालच्या पट्ट्यानें त्यांचा गळा आवळतो. अशा गाडीला उलाळ झालेली गाडी म्हणतात. उलट माल पुढें फार झाला तर सारा भार बैलांच्या मानेवर येऊन खांदे सोलवटतात. चांगला गाडीवान दांडी हातानें उचलून पाहतो आणि पोतीं मागेंपुढें सरकवून तोल बसवितो. ट्रेलरचें शास्त्र याहून निराळें नाहीं. त्याची दांडी मोटारीच्या मागील गोळ्यावर थोडासा भार टाकणारीच हवी. युरोपांत हा भार भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असें सांगतात. अमेरिकेंत, जेथें ट्रेलरची घडण व वेग निराळे आहेत, तेथें १० ते १५ टक्के सांगतात. म्हणून एका देशांतला आंकडा दुसऱ्या देशांत लावूं नये, आणि दोन्हींकडे ओढणाऱ्या मोटारीवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडूं नये.

उलाळ झालेली बैलगाडी फार तर बैलांना त्रास देईल; उलाळ झालेला ट्रेलर प्राण घेतो. मागें जड असलेला ट्रेलर विशिष्ट वेगापर्यंत निमूटपणें मागें येतो. तो वेग ओलांडला कीं एखाद्या वाऱ्याच्या झोतानें किंवा शेजारून गेलेल्या लॉरीच्या धक्क्यानें तो डावी-उजवीकडे झुलूं लागतो, आणि प्रत्येक झोका पहिल्यापेक्षां मोठा होत जातो. सापाच्या नागमोडी चालीप्रमाणें सुरू झालेली ही हालचाल कांहीं क्षणांत पुढच्या मोटारीलाहि फिरवून टाकते. अशा वेळीं घाबरून ब्रेक दाबणें किंवा वेग वाढवून ट्रेलर सरळ करूं पाहणें, दोन्ही घातक. चक्र स्थिर धरावें, वेगाच्या पायटावरील पाय अलगद उचलावा, आणि गाडी आपोआप मंदावूं द्यावी, असाच उपदेश ब्रिटनच्या वाहतूक-नियमांच्या पुस्तकांतहि आहे. पण खरा उपाय आधींचा असतो. तो म्हणजे निघण्यापूर्वीं तोल बसविणें.

येथें लादलेल्या मोटारीची जात लक्षांत घ्यावी लागते. मिनीचें इंजिन पुढें आहे, तेव्हां ती तोंड पुढें करून चढविली म्हणजे जड बाजू दांडीकडे येते. फियाट ५०० चें इंजिन मागें आहे. ती तशीच चढविली तर जड भाग ट्रेलरच्या शेपटाकडे राहून ट्रेलर उलाळ होतो. ती उलटी, मागच्या बाजूनें चढवावी, किंवा तळ पुरेसा लांब असेल तर बरीच पुढें आणून ठेवावी. ट्रेलर विकत घेतांना त्याचा तळ असा फेरफार करूं देतो कीं नाहीं हें याकरितां पाहावयाचें. थोड्या अंतरानें किती फरक पडतो याचें गणित सोपें आहे. आंसापासून गोळ्यापर्यंतचें अंतर ३ मीटर असेल आणि मोटार ६४० किलोंची असेल, तर ती १० सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहूनहि कमी, पुढें सरकविल्यानें दांडीवरचा भार सुमारें २१ किलोंनीं वाढतो. ९४० किलोंच्या एकूण वजनावर हा भार ४७ ते ६६ किलोंच्या दरम्यान हवा. म्हणजे १० सेंटिमीटरच्या चुकीनें बरोबरचें वाईट होऊं शकतें. म्हणून एकदां योग्य जागा सांपडली कीं तेथें चाकांपुढें घट्ट अडसर बसवून घ्यावा, म्हणजे दर खेपेला पुन्हां शोध घ्यावा लागत नाहीं.

आतां ट्रेलरच्या घडणीकडे वळावें. हलकेपणासाठीं ॲल्युमिनियमचा ट्रेलर घ्यावा कीं पोलादाचा, हा वाद नेहमीं ऐकूं येतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश आहे. परंतु त्याचा ताठपणाहि सुमारें एक-तृतीयांशच आहे. म्हणून त्याच्या तुळया अधिक उंच व जाड कराव्या लागतात, आणि वजनांत दोन-तृतीयांश बचत होईल ही आशा फोल ठरते. तरीहि कांहीं बचत निश्चित होते, आणि गंजाची भीति कमी होते. उलटपक्षीं ॲल्युमिनियमला उष्णतेनें सांधा दिला कीं सांध्याजवळची धातु मऊ पडते, सततच्या हादऱ्यांनीं तेथें बारीक भेगा पडूं शकतात, आणि पोलादी बोल्ट जेथें त्याला स्पर्श करतो तेथें खारट ओलाव्यांत तें खाऊन जातें. ब्रिटनमध्यें हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, हें येथें ध्यानांत ठेवावें. वितळलेल्या जस्तांत बुडवून काढलेला पोलादी ट्रेलर थोडा जड, पण स्वस्त व टिकाऊ असतो, आणि गांवच्या साध्या लोहाराच्या दुकानींहि दुरुस्त होतो. ज्याच्या ओढणाऱ्या मोटारीची कुवत बेताची आहे त्यानें ॲल्युमिनियमकडे वळावें. इतरांना पोलाद पुरेसें आहे.

वजन वांचविण्याचा अधिक निर्धोक मार्ग म्हणजे सबंध तळाऐवजीं चाकांपुरत्या दोन पट्ट्या ठेवणें. पण या पट्ट्यांमधलें अंतर आपल्या गाडीला जुळलें पाहिजे. ऑस्टिन सेव्हनच्या डाव्या-उजव्या चाकांमधलें अंतर अवघें ४० इंच, म्हणजे सुमारें १.०२ मीटर आहे. आजच्या मोटारीसाठीं बांधलेल्या ट्रेलरवर तिला चढवूं गेल्यास चाकें पट्ट्यांच्या आंतल्या कडेवरून खालीं उतरण्याचा संभव असतो. मिनीचीं चाकें यापेक्षां दूर असतात, पण तींहि हल्लींच्या गाड्यांहून जवळ. म्हणून विक्रेत्याला “लहान गाडी बसेल ना?” असें विचारून भागत नाहीं, घरून मोजपट्टीनें माप घेऊन जावें लागतें.

मापाचा दुसरा प्रश्न चढणीचा. तळ जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असेल आणि चढण्याच्या फळ्या दीड मीटर लांब असतील, तर चढण सुमारें साडेएकोणीस अंशांची होते. लहान चाकांच्या, खालीं झुकलेल्या मोटारीचें पोट अशा चढणीच्या माथ्यावर हमखास टेकतें. फळ्या अडीच मीटरांच्या केल्या तर चढण साडेअकरा अंशांवर येते; पण लांब फळ्या म्हणजे पुन्हां वजन. कांहीं ट्रेलरांचा तळच मागें कलता होतो व फळ्यांची गरज कमी होते. बंद इंजिनाची गाडी चढवावयाची असेल तर हातानें फिरविण्याचा रहाट हवा. हीं सर्व वजनें ट्रेलरच्या हिशेबांत आधींच धरावीं, म्हणजे शेवटीं बेरीज चुकत नाहीं.

एक आंस कीं दोन? दोन आंसांचा ट्रेलर सरळ चालतो, आणि एखादा टायर फुटला तरी सांभाळून घेतो; परंतु तो जड असतो आणि हातानें वळविणें कठीण जातें. हजार किलोंच्या आंतल्या ओझ्याला एका आंसाचा, ब्रेक असलेला ट्रेलर पुरेसा होतो. मात्र एका आंसाचा म्हणजे एका बाजूला एकच टायर. तेव्हां टायर उत्तमच हवा. ट्रेलर वर्षांतून सात-आठ वेळां चालतो आणि उरलेले दिवस अंगणांत उभा असतो. त्याच्या टायरवरील नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर उन्हापावसानें तडकलेलें असतें. टायरच्या कडेवर चार आंकडी खूण असते. तीवर २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला. जुना ट्रेलर घेतांना ही खूण प्रथम पाहावी. नंतर चाक उचलून फिरवावें. खरखर आली तर बेअरिंग गेलेलें. जोडाचें तोंड झिजलेलें आहे काय, ब्रेकच्या तारा सरकतात काय, सांध्यांभोंवतीं गंज किंवा भेग आहे काय, आणि कारखान्याची वजनाची पट्टी जागेवर आहे काय, हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

मोटार ट्रेलरवर चढली म्हणजे काम संपलें असें नाहीं. तिचा हातब्रेक हा बंध नव्हे. पुढें दोन आणि मागें दोन असे चार पट्टे लावून ती बांधावी. पट्टे चाकांना किंवा आंसांना आवळलेले असावे, पत्र्याला नव्हेत. पहिले दहा मैल गेल्यावर थांबून ते पुन्हां ताणून पाहावे, कारण मोटार हादऱ्यांनीं बसते आणि पट्टे सैल होतात.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ब्रिटनमध्यें ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला साध्या एकेरी रस्त्यावर ताशीं ५० मैल आणि दुहेरी रस्त्यावर व राजमार्गावर ताशीं ६० मैल एवढीच परवानगी आहे, आणि तीन किंवा अधिक पट्ट्यांच्या राजमार्गावर तिला अगदीं उजव्या पट्ट्यांत जातां येत नाहीं. ट्रेलरवर ओढणाऱ्या मोटारीचाच क्रमांक लावावयाचा असतो. भारतांत मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ट्रेलरची व्याख्या निराळी केली आहे, आणि त्याची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. इकडे ट्रेलर बांधून घेऊं इच्छिणारानें ही चौकशी पैसे खर्चण्यापूर्वींच करावी. दुसरी गोष्ट परवान्याची. १ जानेवारी १९९७ पासून परवाना मिळविलेल्या ब्रिटिश चालकांना मोठ्या ट्रेलरकरितां पूर्वीं निराळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्यें ती अट उठली आणि मोटारीच्या साध्या परवान्यावर ३५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची मोकळीक मिळाली. परीक्षा गेली, पण ती ज्या गोष्टी शिकवीत होती त्यांची गरज गेली नाहीं. पूर्वीं परीक्षक विचारीत असे तें आतां प्रत्येकानें स्वतःलाच विचारावयाचें आहे.

वर्षांतून एक-दोनदांच लागत असेल तर ट्रेलर विकत न घेतां भाड्यानें आणणें उत्तम. घराच्या आवारांतली जागा आणि टायरची काळजी दोन्ही वांचतात. घ्यावयाचाच असेल तर खरेदीचा क्रम असा ठेवावा : प्रथम दोन्ही मोटारींचें खरें वजन, मग ब्रेकचा निर्णय, मग लांबी-रुंदीचें माप, त्यानंतर धातु, आणि सर्वांत शेवटीं किंमत. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात, आणि स्वस्त म्हणून घेतलेल्या ट्रेलरवर पुढें दुप्पट खर्च करतात. हलकेपणा हा ट्रेलरचा गुण आहे. परंतु उणेपणाला हलकेपणा समजूं नये. पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशीं मोटार चढवून, पट्टे आवळून, ट्रेलर वजनकांट्यावर न्यावा, आणि दांडीवरचा भारहि तेथेंच मोजून घ्यावा. त्या अर्ध्या तासाच्या कामानंतर जो मनुष्य रस्त्याला लागतो, त्याच्या मागें आजोबांची गाडी निवांत बसून येते, आणि पुढें बसलेल्या घरच्या मंडळींनाहि वारंवार मागें वळून पाहावें लागत नाहीं.